पहिला दोर

"ए पोरी, लांब हो! काचेवर बोटं उमटतील."

संग्रहालयाचे मॅनेजर ओरडले तेव्हा जनान्याच्या मोटारीच्या काचेला माझं नाक चिकटलेलं होतं. आत मोरपंखी मखमलीचे पडदे, आणि पडद्यामागं राणीसाहेबांच्या पानाच्या डब्यासाठी चांदीचा कप्पा. एवढासा. मी वळून म्हटलं, "बोटं नाहीत काका, नाक आहे. थांबा, पुसते." आणि ओढणीच्या टोकानं पुसलंसुद्धा.

"सर, ही कोण आणलीय तुम्ही?" मॅनेजरांनी आमच्या मगदूम सरांना विचारलं.

"उद्याचं निवेदन हीच करणार आहे. राजनंदिनी बोंगाळे. वक्तृत्वात तालुक्यात पहिली."

"ही?"

"हीच," मी म्हटलं. सरांच्या आधी.

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे. पाचवीपर्यंत माझी अशी अवस्था की हजेरीला नाव पुकारलं तर माझ्यासाठी 'हजर' शेजारची मुलगी म्हणायची. मग मगदूम सर मराठीला आले, त्यांनी मला बाकावर उभं करून धडे वाचायला लावले, आणि एकदा सुटलेलं तोंड मिटेचना. आई म्हणायची, "सरांनी नळ सोडलाय, आता बंद कोण करणार?" मी आरशासमोर बोलायचे, म्हशीसमोर बोलायचे, बसमध्ये कंडक्टरला थांब्यांची नावं चढ्या आवाजात सांगायचे. मला वाटायचं, जगात असं काहीही नाही जे मी माईक हातात घेऊन सांगू शकणार नाही.

माळगिरी हे आमचं गाव, आणि पूर्वीचं संस्थान. राजवाड्यामागचा मोटारखाना मी जन्मल्यापासून कुलूपबंदच पाहिला होता. धाकट्या सरकारांनी तो उघडून, रंगवून, दिवे लावून तिथं मोटारींचं संग्रहालय केलं. उद्घाटन दसऱ्याला. आदल्या दिवशी सर मला सराव करायला घेऊन आले होते आणि मी मात्र एका मोटारीकडून दुसरीकडं पळत होते. शिकारीची मोटार उघडी, तिच्या दोन्ही अंगांना बंदुका अडकवायला पितळी आकडे. लग्नाची मोटार सायीच्या रंगाची, तिची मुठी-मुठीएवढी चांदीची हँडलं. आणि मधोमध चौथऱ्यावर ती. निळी.

तिला गावात कुणी दुसरं नाव कधी दिलंच नाही. निळी म्हणजे निळी. एवढी लांब की एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी भांडता येईल. पुढचे दिवे घमेल्याएवढे. मी दिव्यात पाहिलं तर माझंच तोंड भोपळ्यासारखं गोल होऊन हसत होतं.

"बघून झालं असलं तर वाच," सर म्हणाले आणि निवेदनाचा कागद माझ्या हातात दिला. पाठ होता, तरी मी कागद धरला. कागद धरला की हात कुठं ठेवायचे हा प्रश्न मिटतो.

"नव्या कोऱ्या मोटारीत बसून महाराज विलायतेहून आले. घाटाच्या पायथ्याशी इंजिन बंद पडलं. तेव्हा माळगिरीची रयत काय म्हणाली? रयत म्हणाली, आमचा राजा पायी चालणार नाही! प्रेमानं दोर बांधले गेले, आणि लोकांनी ती मोटार ओढत घाटावर आणली. पहिल्या दोराला होते बाबाजी बोंगाळे..."

इथं मी मुद्दाम थांबायचे. कारण बाबाजी बोंगाळे माझे पणजोबा.

ही गोष्ट माळगिरीत सगळ्यांना ठाऊक. तेव्हापासून दर दसऱ्याला निळी दोरानं ओढत शिलंगणाच्या माळावर न्यायची पद्धत पडली. इंजिन असो नसो. दोर ठरलेल्या घरांचे. पहिला आमचा, दुसरा खराड्यांचा, मग बाकीच्यांचे. थोरले सरकार गेले, मोटारखाना बंद झाला आणि पद्धतही थांबली. पण मान थांबत नाही. लग्नाच्या पंगतीत अजून पप्पांना पहिल्या पाटावर बसवायचे. कुणी परगावचा भेटला की ओळख करून द्यायची ती अशी: "हे आप्पासो. पहिल्या दोराचे." पप्पा गावच्या दूध डेअरीत कॅन उचलायचे, धुवायचे, ट्रकवर चढवायचे. ते कुणी सांगत नसे.

घरी देव्हाऱ्याशेजारी त्या दिवसाचा फोटो आहे. दोराच्या प्रत्येक घरात तो आहे. मोटारीत महाराज, आणि पुढं फेटे बांधलेले गडी, छातीपर्यंत दिसणारे. सगळ्यांत पुढं बाबाजी. तोंड उघडं. आम्हाला सांगितलेलं, ते जयजयकार करतायत.

त्या संध्याकाळी घरी आले तर पप्पांनी म्हशीचं दावं अंगणातल्या खांबाला बांधलेलं आणि ते ओढून बघत होते. डोक्यावर नवा केशरी फेटा. अंगात बनियन.

"पायाची ढब बघ," मला म्हणाले. "डावा पाय म्होरं, उजवा रोवायचा. हिसका द्यायचा न्हाई. वजन द्यायचं."

आई चुलीपुढून म्हणाली, "सकाळी घागर उचलून द्या म्हटलं तर कंबर धरून बसला हुता. आता बरी कंबर सरळ झाली."

"घागर येगळी, दोर येगळा."

"व्हय की. घागर उचलली तर फोटो कोण काढतंय?"

पप्पा हसले. मनापासून. उद्घाटनाला निळी पुन्हा दोरानं ओढायची असं ठरल्यापासून दोन महिने ते असेच हसरे होते. खराडेकाकांनी मध्येच वाद काढला होता, की बोंगाळ्यांच्या घरात ओढायला एकच माणूस, आमच्यात पाच भाऊ, तेव्हा पहिला दोर आम्हाला द्या. दोघं सरकारांकडं न्याय मागायला गेले. सरकारांनी पप्पांच्या बाजूनं निकाल दिला. त्या रात्री पप्पांनी अर्धा किलो जिलेबी आणली, आणि स्वतः दोन वेढेच खाल्ले. बाकीची आम्ही खाताना बघत बसले.

"नंदे," त्यांनी मला विचारलं, "माझं नाव घेणार न्हवं का माईकवर?"

"घेणार की. पणजोबांचं घेणार, मग तुमचं. 'आणि आज त्यांचे नातू आप्पासो.' तुम्ही तेव्हा हात वर करा."

"हात कसा वर करू? दोर सुटंल की."

"मग मान हलवा."

त्यांनी मान हलवून दाखवली. फेटा पडला. आई एवढी हसली की भाकरी करपली.

दसऱ्याला दुपारपासून मोटारखान्यासमोर जत्रा भरल्यासारखं झालं. खांबाखांबाला कर्णे बांधलेले, थेट माळापर्यंत. मोटारींना झेंडूचे हार, चाकांपुढं लिंबं. निळीच्या पुढच्या आकड्याला पांढरे शुभ्र नवे दोर अडकवून जमिनीवर सोडलेले, आणि त्यांच्या टोकाला आपापली जागा धरून गडी उभे. पप्पा सगळ्यांत पुढं, एकटेच. कुणाशी बोलत नव्हते. लग्नातल्या नवऱ्यामुलासारखे ताठ.

मॅनेजर मला म्हणाले, "बिनवायरचा माईक सरकारांच्या बैठकीत टेबलावर आहे. तो घे. आणि काही हलवू नको."

बैठक म्हणजे संग्रहालयाच्या टोकाची खोली. मी माईक घेतला, चालू-बंद करून बघत होते, तेवढ्यात धाकटे सरकार पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आत आले. एक गॉगलवाले गृहस्थ आणि त्यांच्या मिसेस. मी भिंतीला लागून उभी राहिले. सरकार उंच, गोरे, हसतमुख. आम्हा मुलांशी नेहमी नीट बोलायचे, हे सांगायला हवं.

"अरे वा, ही आमची निवेदिका," ते म्हणाले. "कुणाची गं तू?"

"आप्पासो बोंगाळ्यांची."

"म्हणजे पहिल्या दोराची!" ते पाहुण्यांकडे वळले. "बघा, कसा योग असतो. हिचाच पणजोबा. थांबा, दाखवतो."

त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमवरचं कापड बाजूला केलं.

"हा फोटो आमच्या घरी आहे सरकार," मी लगेच म्हटलं.

"तुमच्याकडे अर्धा आहे. तो आम्हीच कापून वाटला होता, आकाराला बरा पडतो म्हणून. हा पूर्ण."

तेच महाराज. तीच मोटार. तेच फेटे. पण इथं गडी पायापर्यंत दिसत होते. पाय अनवाणी. आणि दोर हातात नव्हता. दोर प्रत्येकाच्या कमरेला होता, पोटावर वेढा घालून मागं गाठ मारलेला. हात नुसते लोंबत होते. फोटोच्या डाव्या कडेला, आमच्या घरच्या फोटोत नाही तिथं, घोड्यावर दोन स्वार होते. एकाच्या हातातली छडी हललेली आली होती, धुरासारखी.

"गंमत अशी झाली," सरकार पाहुण्यांना सांगू लागले. "शिकारीच्या तळावर सामान न्यायला बैल हवे होते. घाटाखालच्या वाड्यांनी दिले नाहीत. नांगरटीचे दिवस आहेत म्हणाले. आजोबासाहेब स्वतः गेले, ही नवी गाडी घेऊन. चिडले नाहीत हां! आमच्याकडे कुणी चिडत नाही. शांतपणे इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, आणि म्हणाले, बैल नाहीत ना? राहू द्यात. मग तुम्हीच या."

गॉगलवाले मोठ्यानं हसले. मिसेस "बाप रे" म्हणाल्या, पण त्याही हसल्या.

"म्हणजे गाडी बंद पडली नव्हती?" मी विचारलं.

"छे गं! नवी कोरी गाडी. बंद कशाला पडेल?"

"आणि आता हे लोक?" मिसेसनी खिडकीबाहेर हात केला.

"आता?" सरकार हसले. "आता दोरासाठी भांडतात. मागच्या महिन्यात दोन घरं माझ्यापुढं न्याय मागत होती, पहिला कुणी व्हायचं म्हणून. प्रेम आहे हो लोकांचं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान बोल हं बाळ. घाबरू नको."

मी घाबरले नव्हते. मी फोटोतल्या बाबाजींचं तोंड बघत होते. इथं ते मोठं दिसत होतं. जयजयकार करणारं तोंड तसं नसतं. मला ठाऊक आहे, मी आरशात सगळी तोंडं करून पाहिली आहेत.

मी गर्दीतून धावत पप्पांपाशी गेले. त्यांच्या बाहीला धरून त्यांना शिकारीच्या मोटारीच्या आडोशाला ओढलं.

"जागा सोडायला लावू नगंस, खराड्या टपून बसलाय," ते म्हणाले.

"पप्पा, गाडी बंद पडली नव्हती."

"काय?"

मी सगळं सांगितलं. बैल, किल्ली, कमरेचे दोर, छडी. एका श्वासात. मला वाटलं होतं ते फेटा काढून फेकतील. मी तशी तयारीच केली होती मनात. त्यांनी फेकला की मी माईकवर काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

ते म्हणाले, "हळू बोल."

"पप्पा, मी काय सांगतेय?"

"कळलं मला." ते मागं बघत होते, खराडेकाका कुठं आहेत ते. "आज्याच्या कमरंला वळ हुता. म्हातारपणी मीच अंघोळ घालायचो त्याला. बोटाएवढा जाड वळ, सगळ्या बाजूनं. मी इचारलं, आज्या, ह्यो कसला? तर म्हणाला, मानाचा हाय."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"दहा वर्साचा हुतो. तवा वाटलं."

"मग नंतर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या जवळून आणि एवढा वेळ त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

"नंतर काय करू? वळ हाय त्यो हायच. मानाचा म्हटलं तर गावात मान वर करून फिरता येतंय. दुसरं काय म्हणू त्येला, तूच सांग. तुला लई बोलता येतंय."

मी हातातला माईक वर धरला.

"चला, सांगा सरकारांना, आम्ही नाही ओढत," मी म्हटलं. "बाकीच्यांनाही सांगू. आत्ता. माईक आहे माझ्याकडं."

"नंदे." त्यांनी माझं मनगट धरलं, माईकसकट. "डेअरीत मला 'ए बोंगाळ्या' म्हणत्यात. परवा तो कालचा पोरगा सुपरवायझर, त्योबी म्हणला. आज ह्या दोन तासांत मला कोण तसं म्हणणार न्हाई. तू आज काय बोलू नगंस. कागदावर लिव्हलंय तेवढं बोल."

"आप्पासो!" खराडेकाका ओरडले. "येतोस का मी हुबा ऱ्हाऊ तुझ्या जाग्यावर?"

पप्पा गेले. जाताना त्यांनी फेटा नीट केला.

तुताऱ्या वाजल्या. धाकटे सरकार निळीत चाकामागं बसले, शेजारी गॉगलवाले. मगदूम सरांनी दुरून मला खूण केली. मी पहिल्या दोराच्या बाजूनं, पप्पांच्या बरोबरीनं चालायचं आणि चालता चालता बोलायचं असं ठरलेलं. मी माईक चालू केला आणि तोंडाजवळ नेला.

"नव्या कोऱ्या..."

एवढं बोलले. ते दोन शब्द सगळ्या कर्ण्यांतून माळापर्यंत जाऊन परत आले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. तोंडात आलंही. मी ते बोलले नाही.

दोर ताणले गेले. निळी हलली आणि चौथऱ्यावरून उतरली. मी चालत होते, माईक हातात. सर तोंडानं 'बोल, बोल' असं करत होते. गर्दीत कुजबूज झाली. मग कर्ण्यांतून एक आवाज येऊ लागला. ह्हा. ह्हा. आधी मलाही कळेना काय ते. मग कळलं. माईक पप्पांच्या खांद्याजवळ होता, आणि तो त्यांचा श्वास होता.

मी माईक बंद करू शकले असते. बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. मी हात थोडा वर केला, त्यांच्या तोंडापाशी.

ह्हा. ह्हा. सगळ्या रस्त्यावर. खांबाखांबावरून.

कुणीतरी शिट्टी मारली. एकजण म्हणाला, "आरं कोण हापतंय माईकात?" चार लोक हसले. मग हसू थांबलं, कारण आवाज थांबत नव्हता. माळाचा चढ लागला तसा तो आवाज चिरायला लागला, आणि मध्येच घशातून काहीतरी ओरखडल्यासारखं. तुतारीवाल्यांनी तुताऱ्या खाली घेतल्या. कडेच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. आई त्यांच्यात होती.

पप्पांनी मान न वळवता म्हटलं, "बोल की गं."

तेही गेलं. 'बोल की गं, बोल की गं' असं खांबांवरून माळापर्यंत गेलं. त्यांनी ते ऐकलं. तेव्हा त्यांना कळलं की मघापासून ऐकू येतंय ते त्यांचंच आहे.

त्यांनी तोंड मिटलं. घट्ट. आवाज जाऊ नये म्हणून नाकानं श्वास घेऊ लागले. चढाच्या मध्यावर, एवढी मोटार मागं, आणि ते श्वास दाबून ओढत होते. गळ्याच्या शिरा दोरासारख्या. कर्ण्यांत आता काहीच नव्हतं. आठ-दहा पावलं ते तसे गेले असतील. मग आतून खोकल्याची अशी उबळ फुटली की ते दोरावर दुमडले. दोर ढिला पडला, निळी हातभर मागं सरकली, गड्यांचे पाय घसरले.

"वड की आप्पासो!" खराडेकाका मागून ओरडले. "लाज काढतोस व्हय आमची?"

तेही माईकात आलं.

पप्पांनी दोर परत धरला. नंतर त्यांनी तोंड मिटलं नाही. माळ येईपर्यंत सगळ्या माळगिरीनं त्यांचा श्वास ऐकला.

माळावर सरकार मोटारीतून उतरले. पप्पांच्या खांद्यावर थाप मारली. "काय आप्पासो, दम लागला? वय झालं आता." त्यांच्या हातात नारळ दिला. मग माझ्याकडं वळले. हसतच. "माईक बिघडला काय गं?"

"नाही सरकार," मी म्हटलं. "चालू होता."

ते हसायचे थांबले नाहीत, पण माझ्या डोक्याकडं निघालेला हात त्यांनी मागं घेतला.

लोकांनी आपट्याची पानं लुटली. सगळे एकमेकांना सोनं देत होते, पाया पडत होते. पप्पांकडं फार कुणी आलं नाही. आले ते "बरं वाटतंय न्हवं?" असं विचारून गेले, आजाऱ्याला विचारतात तसं. मगदूम सरांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

घरी पप्पांनी नारळ देवापुढं ठेवला. फेटा सोडला, तो गुंडाळत बराच वेळ बसले. मी समोर उभी होते. मला रागावावं म्हणून उभी होते.

"चांगलं बोलतीस तू," ते म्हणाले. "माझं नाव तेवढं घ्यायचं हुतंस."

पुढच्या दसऱ्याच्या आधी मॅनेजरांचा निरोप आला. निवेदनाला कोल्हापूरहून बाई येणार होत्या, आणि पहिला दोर खराड्यांना. बोंगाळ्यांच्या घरात आता ओढणारं माणूस नाही, सरकारांना आप्पासोच्या तब्येतीची काळजी वाटते, असं निरोपात होतं. संध्याकाळी खराडेकाका पेढे घेऊन आले.

"तोंड गोड कर आप्पासो. राग धरू नगंस."

पप्पांनी पेढा घेतला. मला राहवलं नाही.

"काका, दोर हातात नव्हता. कमरेला बांधला होता. तुमच्या आजोबांच्यासुद्धा. सरकारांच्या बैठकीत पूर्ण फोटो आहे, जाऊन बघा. त्यांना बैलांच्या जागी जुंपलं होतं."

खराडेकाकांनी माझ्याकडं पाहिलं, मग पप्पांकडं. त्यांना राग आला नाही. त्यांना कीव आली.

"मान गेला की माणूस असंच बोलतंय, पोरी," ते म्हणाले.

"गप, नंदे," पप्पा म्हणाले.

त्या दसऱ्याला पप्पा आपणहून बघायला गेले. मीही गेले. आम्ही रस्त्याच्या कडेला गर्दीत उभे होतो, चढ सुरू होतो तिथं. निळी आली. पुढं खराडेकाका, त्यांच्या डोक्यावर केशरी फेटा. बाईंचा आवाज कर्ण्यांतून गोड येत होता: घाटाच्या पायथ्याशी इंजिन बंद पडलं, आणि रयत म्हणाली. लोक टाळ्या वाजवत होते. काका आमच्या समोरून गेले तेव्हा तोंड उघडं टाकून श्वास घेत होते, पण तो कुणाला ऐकू येत नव्हता.

मी पप्पांकडं पाहिलं. ते बाईंचं काही ऐकत नव्हते. चढावर दोर ताणला गेला, गडी पुढं झुकले, आणि गर्दीत उभ्या असलेल्या माझ्या पप्पांनी डावा पाय पुढं टाकला, उजवा मातीत रोवला, आणि काहीही हातात नसताना सगळं वजन पुढं दिलं.